अंगणात आपटा

फाल्गुन सरत आला की लातूरच्या वसाहतींमधून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. कंपाउंडच्या आत आपटा लावलेलं घर असलं, की दूधवाला थांबतो, गॅसची टाकी आणणारा थांबतो, वर मान करतो आणि विचारतो, "वाळलं का काय वो काकू झाड?" झाडही तसंच दिसत असतं. खरबरीत, काळपट सालीचं वेडंवाकडं खोड, खाली झुकलेल्या बारीक फांद्या, पान औषधालासुद्धा नाही. वर लटकलेल्या असतात त्या गेल्या हंगामातल्या चपट्या, काळ्या पडलेल्या शेंगा, वीतभर लांबीच्या आणि किंचित वाकलेल्या. वारा आला की त्या एकमेकींवर आपटतात.

"नाही रे बाबा, पानं टाकलीत निस्ती," काकू सांगतात. दरवर्षी सांगतात.

दाराशी पानझडी झाड लावायला मन थोडं मोठं लागतं. शहरातली बाग बारा महिने हिरवी असावी असं सगळ्यांनाच वाटतं, आणि मराठवाड्यात तर जास्तच, कारण बाहेर आठ महिने सगळं करडं असतं. ऊन चाळिशी पार करायला निघालेलं असताना आपल्याच अंगणातलं झाड उघडं पडावं, हे डोळ्यांना बोचतं. म्हणून आपटा लावणारी माणसं कमी. आणि आपट्याचं पान हवं असणारी माणसं किती, हे दसऱ्याला गंजगोलाईत उभं राहिलं की कळतं.

दसऱ्याला ज्याला आपण सोनं म्हणतो ते पान तेव्हा गडद हिरवं असतं. पावसाळाभर पोसलेलं, जाडसर, चामड्यासारखं चिवट. ते पिवळं होतं पुढे, पौष-माघात, हुरड्याचे दिवस संपत आल्यावर. तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ज्याच्या अंगणात झाड आहे त्यालाच तेवढं ते दिसतं. आधी पानाच्या कडा फिकटतात, मग शिरांमधला भाग, आणि शिरा मात्र काही दिवस हिरव्या राहतात. सकाळी नऊच्या सुमारास उन्हाकडे तोंड करून झाडाखाली उभं राहिलं तर डोक्यावर पिवळा उजेड असतो. दोन-तीन आठवडे हा थाट चालतो, मग रोज अंगण झाडावं लागतं.

हा पिवळा रंग पानात नव्याने भरला जात नाही, तो आधीपासून तिथे असतोच. हिरव्या रंगाखाली झाकलेला असतो. पान टाकायचं ठरलं की झाड त्यातलं हरितद्रव्य मोडतं. पानातलं नत्र, स्फुरद, जे काही पुढे उपयोगी पडेल ते शिरांवाटे फांदीत परत ओढून घेतं. हिरवं निघून गेलं की खालचं पिवळं उघडं पडतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान त्या जागी सुटतं. तोडल्याची जखम नाही, चीक नाही. झाडाने आपलं देणंघेणं मिटवलेलं असतं. पानांमधून पाणी सतत उडून जात असतं. मुळांना खाली पाणी मिळेनासं झालं की पानं सांभाळणं परवडत नाही. लातूरला वर्षाकाठी साधारण ८०० मिलिमीटर पाऊस होतो, नांदेडला त्याहून थोडा जास्त, आणि तो सगळा चार महिन्यांत उरकतो. उरलेल्या आठ महिन्यांची तजवीज झाडाला स्वतःच करावी लागते.

लातूरकरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि शहराच्या नळाला पाणी उरलं नव्हतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. पुढे पन्नास वाघिणींच्या खेपा सुरू झाल्या. जलदूत हे त्या गाडीचं नाव आता शहराच्या इतिहासात बसलं आहे. त्या उन्हाळ्यात घरोघरी धुण्याचं पाणी भांड्याला आणि भांड्याचं पाणी झाडाला, असा क्रम लागला होता. हिरवळीचे तुकडे गेले, कुंड्या रिकाम्या झाल्या. असल्या उन्हाळ्यासाठीच आपट्याची घडण झालेली आहे. पाणी संपण्याआधी त्याने आपला खर्च कमी केलेला असतो.

पान हातात घेऊन पाहण्यासारखं आहे. लांबीपेक्षा रुंदी जास्त, टोकाकडून मध्यापर्यंत चिरलेलं, त्यामुळे दोन गोलसर पाकळ्या जोडून एक पान झाल्यासारखं. देठ जिथे पानाला मिळतो तिथून सात ते नऊ शिरा पसरतात. वरची बाजू तुळतुळीत, खालची राखट आणि बोट फिरवलं तर मऊ लवेची. दिवस मावळला की दोन्ही भाग मधल्या शिरेवर एकमेकांजवळ येतात, पान मिटतं, आणि संध्याकाळी साडेसातला झाड दिवसापेक्षा विरळ दिसतं. सकाळी पुन्हा पसरतं. घरातली लहान मुलं हे एकदा पाहतात आणि मग रोज पाहायला जातात.

वनस्पतिशास्त्रात या कुळीचं नाव बाउहिनिया. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या योहान आणि कास्पार बाउहिन या स्विस भावांच्या स्मरणार्थ ते दिलं गेलं. दोघेही वनस्पतींचे अभ्यासक, दोघांनी आयुष्य झाडांच्या नोंदी करण्यात घालवलं. एका देठावर दोन सारखे भाग असलेलं पान पाहून नाव देणाऱ्याला हे दोन भाऊ आठवले. आपटा हा याच कुळीतला बाउहिनिया रेसिमोसा. कांचन त्याचा नातेवाईक, सख्खाच म्हणावा इतका जवळचा.

हे नातं दसऱ्याच्या बाजारात आपट्याच्या पथ्यावर पडतं आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ जाते. लातूरची गंजगोलाई १९१७ सालची, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली. मध्ये जगदंबेचं देऊळ आणि भोवताली फुटणारे सोळा रस्ते. खंडेनवमीच्या संध्याकाळपासून या रस्त्यांच्या तोंडांशी झेंडूचे ढीग पडतात आणि त्यांच्या कडेला हिरव्या फांद्यांच्या जुड्या. त्या जुड्यांमध्ये कांचनही असतो. त्याचं पान आकाराने मोठं, पातळ, दोन तासांत माना टाकणारं. आपट्याचं लहान आणि जाड, दुसऱ्या दिवशीही ताठ. हाताला सवय असली की अंधारातही फरक कळतो. पण सवय कुठून व्हावी? वर्षातून एकदा, तेही घाईत, पान हातात येतं.

नांदेडच्या दसऱ्याला आणखी एक अंग आहे. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली जिथे देह ठेवला त्या सचखंड गुरुद्वाऱ्यातून त्या दिवशी हल्ला महल्ल्याची मिरवणूक निघते. निशाणसाहिब, घोडे, शस्त्रं घेतलेले शीख आणि घोषणांनी दणाणलेले जुन्या नांदेडचे रस्ते. त्याच संध्याकाळी त्याच शहरातली मराठी घरं शिलंगणाला निघालेली असतात. टोपीत घटाचं उगवलेलं धान खोवलेलं, खिशात आपट्याची पानं. पावसाळा संपला, वाटा सुकल्या, आता बाहेर पडायचं, ही दसऱ्यामागची जुनी भावना. मोहिमा याच दिवशी निघायच्या.

या दोन जिल्ह्यांचं भूगोलातलं स्थान असं, की दसऱ्याचं सोनं इथे तीन रीतींनी वाटलं जातं. देगलूर, बिलोली, धर्माबाद ओलांडून तेलंगणात गेलं की लोक एकमेकांच्या हातात जम्मीची पानं ठेवतात आणि त्यालाच सोनं म्हणतात. उदगीर-निलंग्याहून बिदरकडे उतरलं की तीच पानं बन्नीची होतात. जम्मी, बन्नी आणि मराठीतली शमी किंवा सौंदड, झाड एकच. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं ठेवली ती याच झाडावर, अशी कथा तिन्ही मुलखांत सांगितली जाते. आपट्याचं पान देण्याची चाल मात्र ठळकपणे महाराष्ट्राची. सीमेवरच्या गावांत दोन्ही चालतं. सोयरिकी दोन्हीकडे झालेल्या असतात, त्यामुळे हातावर कुठलं पान ठेवलं याचा कुणी विषय करत नाही. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, सोनं द्यायचं, त्यांनी डोक्यावर हात ठेवायचा.

सोन्याची गोष्ट कौत्साची. गुरू वरतंतूंना दक्षिणा द्यायची म्हणून तो रघुराजाकडे आला. चौदा कोटी मोहरा हव्या होत्या. राजाने नुकताच विश्वजित यज्ञ करून सर्वस्व दान केलेलं, पाहुण्याचं स्वागत करायला त्याच्याकडे मातीचं भांडं उरलेलं. त्याने कुबेरावर चालून जायचं ठरवलं आणि रात्रीत सोन्याचा पाऊस पडला. कालिदासाच्या रघुवंशात, पाचव्या सर्गात, हा पाऊस राजाच्या कोशागारात पडतो. लोकांनी तो गावाबाहेर आणला आणि झाडांवर पाडला, शमीवर आणि आपट्यावर. गोष्ट सांगणाऱ्यांना झाड हवं होतं, कारण राजाच्या कोठारात सगळ्यांना जाता येत नाही.

या कथेतला एक तपशील दसऱ्याच्या गर्दीत मागे पडतो. राजा सगळं सोनं द्यायला तयार होता. कौत्साने चौदा कोटींच्या वर एक मोहर घेतली नाही. कालिदासाने अयोध्येच्या लोकांना या दोघांचंही कौतुक करायला लावलं आहे, मागण्यापेक्षा जास्त देणाऱ्याचं आणि गरजेपेक्षा जास्त न घेणाऱ्याचं. लोककथेत उरलेल्या राशी लोकांनी लुटल्या आणि चाल पडली लुटण्याची. कौत्साचं मोजून घेणं कुणी रीत म्हणून उचललं असतं, तर आपट्याचे आजचे हाल थोडे कमी झाले असते.

हाल होतात ते फांदीचे. आपट्याची साल धाग्यांनी भरलेली असते, इतकी चिवट की पूर्वी तिचे दोर वळायचे. त्यामुळे फांदी ओढली तर ती कटकन तुटून हातात येत नाही. लाकूड मोडतं, पण साल धरून राहते. ओढणारा हिसका देतो, आणि मग फांदीबरोबर खोडावरची हात-दीड हात सालीची पट्टी सोलत खाली येते. आत पांढरट लाकूड उघडं पडतं. आठ दिवसांत ते तपकिरी होतं आणि पुढे वर्षानुवर्षं ती लांबट खूण झाडावर राहते. गावाच्या शिवेवरच्या एखाद्या जुन्या आपट्याला अशा खुणा मोजता येतात. कात्रीने किंवा विळ्याने कापलेली फांदी पुन्हा फुटते, ओरबाडलेली सुकते. शिवाय फाल्गुनापासून वैशाखापर्यंत याच डहाळ्यांना फुलोरा यायचा असतो. आश्विनात डहाळी गेली की त्या वर्षीचं फूलही गेलं आणि शेंगही.

बाजारातल्या जुड्या कुठून येतात? माळरानांवरून, गायरानांतून, डोंगरकडांवरून. नांदेड जिल्ह्यात किनवट आणि माहूरचं जंगल आहे. पैनगंगेच्या कडेने पसरलेलं, साग, धावडा, तेंदू, मोह यांचं पानझडी रान. आपटा त्या रानातला खालच्या थरातला रहिवासी. तिथल्या गोंड, कोलाम, आंध, बंजारा वस्त्यांना तो वर्षभर ओळखीचा. त्याचा पाला शेळ्या आवडीने खातात. विडीसाठी तेंदूचं पान मोठ्या व्यापाराचं, पण विड्या आपट्याच्या पानाच्याही वळल्या जात, विशेषतः तेंदू हाताशी नसला तर. म्हणजे शहराने ज्याला वर्षातला एक दिवस दिला आहे, त्याचे रानात तीनशे पासष्ट दिवस उपयोग आहेत. लातूर जिल्ह्यात असं जंगल जवळपास नाहीच. बालाघाटच्या सपाट पठारावर काळी जमीन, सोयाबीन, तूर, ऊस. आपटा उरला तो मुरमाड उतारांवर आणि बांधांवर.

म्हणूनच अंगणात लावलेल्या आपट्याला महत्त्व आहे. आणि तो लावायला अवघड नाही, फक्त सावकाशीचा आहे.

सुरुवात शेंगेपासून करावी लागते. आपट्याची शेंग वाळली तरी आपण होऊन उकलत नाही, महिनोन्‌महिने झाडावर लटकते आणि खाली पडली तरी मिटलेलीच राहते. दगडाने ठेचून किंवा हाताने मोडून बी काढायचं. एका शेंगेत बारा ते वीस बिया, चपट्या, कठीण कवचाच्या. चांगल्या गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजत ठेवल्या की सकाळी ज्या फुगलेल्या दिसतील त्या पेरायच्या. माती, शेणखत आणि थोडी वाळू घातलेली पिशवी, बोटाच्या पेराएवढी खोली. आठ-पंधरा दिवसांत अंकुर येतो. मुळं लवकर खोल जायला बघतात, म्हणून रोप फार दिवस पिशवीत कोंडून ठेवू नये. उन्हाळ्यात दीड-दोन फुटांचा खड्डा खणून तापू द्यायचा, मृगाचा पाऊस जिरला की लावायचं. काळ्या मातीत पाणी साचत असेल तर खड्ड्यात मुरूम घालावा, कारण उपाशी राहणं या झाडाला जमतं, पाण्यात उभं राहणं जमत नाही. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी पुरतं. सर्वांत मोठा धोका शेळ्यांचा. काट्यांचं कुंपण भक्कम हवं.

त्यानंतर वाट पाहायची. गुलमोहर चार वर्षांत छपरावर जातो, आपटा तेवढ्या काळात माणसाच्या डोक्याशी येतो. ज्यांना झाड नको, झुडूपच हवं, त्यांच्यासाठी हा गुणच आहे. खाली कापलं की बुडातून चार-पाच फुटवे येतात. दर पावसाळ्याच्या तोंडावर हलकी छाटणी केली तर भिंतीच्या कडेला पुरुषभर उंचीचं गच्च झुडूप सहज सांभाळता येतं. फांद्या खाली झुकलेल्या असल्यामुळे पानं हाताशी राहतात. सालीला धक्का न लावता, कात्रीने, हवी तेवढीच डहाळी घेता येते. गळलेली पानं जाळायची नाहीत. ती बुडाशी आच्छादन म्हणून पसरली तर उन्हाळ्यात माती भेगाळत नाही.

रोपवाटिकेत जाऊन सोनेरी पानांचं झुडूप मागितलं तर पुढ्यात येतो तो ड्युरांटा. नांदेडच्या रस्त्यांच्या दुभाजकांत, लातूरच्या सरकारी कचेऱ्यांच्या आवारात, मंगल कार्यालयांच्या दाराशी तोच असतो. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली ही वनस्पती इथे छान रुळली आहे. ऊन मिळालं की पानं पिवळीधमक, सावलीत गेली की हिरवट. तो चटकन वाढतो, कसाही कापला तरी चालतो आणि बारा महिने त्याच रंगात राहतो. लहान मुलांच्या घरात त्याच्या विषारी पिवळ्या फळांपासून जपावं लागतं एवढंच. लोकांना तो आवडतो यात नवल नाही. आपटा आणि तो यांची बरोबरी लावण्यात अर्थही नाही. एक रंग देतो, दुसरा ऋतू देतो. ज्या घराला वर्षाचा कोणता महिना चालू आहे हे दाराबाहेर पाहून कळायला हवं असतं, ते घर आपटा लावतं.

आणि उघड्या फांद्यांचे ते दिवस फार काळ रिकामे राहतही नाहीत. चैत्रात नीट पाहिलं तर शेंड्यांवर बारीक कळ्यांचे तुरे उभे राहिलेले दिसतात. फुलं लहान, फिकट पिवळसर पांढरी, कांचनासारखी मिरवणारी नव्हेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसणारही नाहीत, पण मधमाश्यांना बरोबर कळतात. भर उन्हात, आजूबाजूला फार काही फुललेलं नसताना, अकरा वाजता झाडाखाली गुणगुण ऐकू येते. मग वैशाख उतरता उतरता, पहिल्या वळवाच्या आधीच, पालवी येते. पाऊस अजून महिनाभर लांब असतो. झाड हे कशाच्या भरवशावर करतं? माघात पानांमधून परत घेतलेलं जे फांद्यांत ठेवलेलं असतं, त्याच्या. नवी पानं पोपटी, नाजूक, घडी घातलेली उमलतात आणि जून उजाडेपर्यंत ओळखीची होतात.

झाड आणि गाव यांचा संबंध लातूर जिल्ह्याने एकदा फार कठीण रीतीने अनुभवला. १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र नुकती उलटलेली. किल्लारीच्या भूकंपाने दगडमातीची गावंच्या गावं झोपेत पाडली. पुढे लातूर आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, आखीव प्लॉट, काँक्रीटची घरं. घर काही महिन्यांत बांधता येतं. सावलीला वर्षं लागतात, आणि शिवेला त्याहून जास्त. दसऱ्याला माणूस गावाची शीव ओलांडतो. ती शीव नकाशावरून कळत नाही. एखादा ओढा, एखादा मारुती, एखादं वाकडं झाड यांवरून पिढ्यांनी ती ठरवलेली असते. जागा बदललेल्या गावाने कुठली शीव ओलांडायची, आणि पान कुठल्या झाडाचं आणायचं? तिथल्या अंगणांत त्यानंतर लावलेली झाडं आता तीस वर्षांची झाली आहेत. जन्मापासून तीच पाहिलेली माणसं आता त्यांच्या मुलांना शिलंगणाला नेतात.

गेल्या काही वर्षांत झाडांबद्दल मराठवाड्यात पुष्कळ बोललं जाऊ लागलं आहे. २०२० च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरलं. दसऱ्याला पानाऐवजी रोप देणारी, एकाच पानावर भागवणारी माणसं आता भेटतात. सराफांकडे आपट्याच्या आकाराची सोन्याचांदीची पानं मिळतात, ज्यांना परवडतं ते घेतात. या सगळ्यात अंगणवाल्यांचा वाटा छोटा पण पक्का आहे. ज्याच्याकडे झाड आहे त्याच्याकडे दसऱ्याच्या सकाळी गल्लीतली मुलं येतात. घरातली आजी कात्री घेऊन बाहेर येते आणि प्रत्येकाच्या हातावर मोजून पानं ठेवते. मुलं आणखी मागतात. ती देत नाही. पुढच्या घरातल्यांना काय देऊ, असं विचारते.

शेतातल्या आपट्याचा हिशेब अंगणापेक्षा गुंतागुंतीचा आहे. औशाकडच्या एखाद्या शेतकऱ्याचं उदाहरण घ्यावं. दसऱ्याच्या सुमारास त्याच्या वावरात सोयाबीन काढणीला आलेलं असतं. त्याचीही पानं पिवळी होऊन गळलेली, नुसत्या शेंगा उभ्या, आणि डोळे आभाळाकडे, की चार दिवस उघाड दे. धुऱ्यावर झाड असलं की त्याच्या सावलीत दोन ओळींचं पीक कमी येतं. मळणीचं यंत्र आत आणायला मोकळी कड लागते. वाटण्या होत होत वावर आखूड झालेलं, धुरा आधीच हातभर उरलेला. या कारणांनी मराठवाड्यातल्या बांधांवरची झाडं गेली, आणि कारणं खोटी नव्हती. आपटा त्यातल्या त्यात सोयीचा, कारण तो पसरत नाही, छाटून ठेवता येतो, रब्बीची ज्वारी पोटरीत असताना त्याचा पाला उतरू लागतो आणि सावली आपोआप विरळ होते. शेळ्यांना चारा होतो. बांधाची माती धरून ठेवायला मुळं होतात.

पण धुरा एकट्याचा नसतो. पलीकडचं वावर भावाचं किंवा चुलतभावाचं असतं, आणि धुऱ्यावर लावलेलं झाड कुणाचं, त्याची छाटणी कुणी करायची, दसऱ्याला पान कुणी न्यायचं, हे दोघांनी मिळून ठरवावं लागतं. मृगाला अजून अवकाश आहे. पिशवीतली रोपं पडवीत तयार आहेत, सात-आठ इंचांची. भावाकडे एकदा चहाला जाऊन बोलायचं राहिलं आहे.